पाठमोरा घाट

सोयाबीनचा भुसा एकदा अंगाला लागला की दोन दिवस खाज जात नाही. दसरा झाला की आमची सगळी झरी खाजवत असते. शिवारात जिकडं बघावं तिकडं हडंबा घरघरत असतो, हडंबा म्हणजे आमचं मळणीयंत्र. गावावर पिवळसर धुराळा तरंगतो, दुपारचं ऊन टाळू तापवतं आणि पहाटे मात्र पायाशी पडलेली वाकळ आपोआप गळ्यापर्यंत येते. शाळेत पोरं नुसती अंगानं हजर असतात. मी त्यांना कशाला नावं ठेवू? फळ्यावर अपूर्णांक मांडता मांडता माझ्याच नाकात भलता वास शिरतो. ओल्या दगडाचा, शेवाळाचा, पिकायला आलेल्या भाताचा. आमच्या काळ्या रानात यातलं काही नाही. तरी दरवर्षी याच दिवसांत तो येतो, आणि खडू हातात तसाच राहतो.

डोंगर आम्हाला तसा नवाच. जिंतूरकडं चार टेकड्या आहेत, त्यांनाच आम्ही मोठ्या आदरानं डोंगर म्हणतो. बाकी सगळं सपाट. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत दिसत राहतो असं आमचं रान. अशी आम्ही माणसं त्या वर्षी ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात गेलो, तेही कशी, तर पिकअपच्या मागं बाज, गादी आणि डालग्यात कोंबडी घालून. कोणी हौस म्हणून फिरायला जातं, कोणी फोटो काढायला जातं. आम्ही गेलो ते बाळंतपणाला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, मी पुढं बाई लावते, कारण त्या आहेतच तशा. एका शब्दात घर हलवतील. त्यांचं आयुष्य ऊस तोडण्यात गेलं. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं, उन्हाळ्यात परत यायचं, असं त्यांनी माझे सासरे असेपर्यंत केलं आणि ते गेल्यावरही पोरं हाताशी येईतो केलं. त्यातला मोठा मिलिंद, म्हणजे आमचे साहेब. ते पिकअप चालवतात, गावचा माल परभणीच्या मोंढ्यात नेऊन घालतात. धाकटी सुजाता. ती डी.एड. झाली, तिला नवराही मास्तरच मिळाला, आणि त्याची नेमणूक झाली कोकणात, माणगावच्या पलीकडं. कोकणातल्या शाळांत आमच्याकडचे मास्तर जागोजाग सापडतात, त्यातला हा एक.

सुजाताला दिवस गेले तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काही सांगायची गोष्ट नाही. आत्याबाईंनी मागची खोली सारवून घेतली होती. पण सातव्या महिन्यात सुजाताचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, प्रवास नाही म्हणजे नाही. तिला सासू नाही, नणंद नाही. फोनवर ती हसून म्हणायची, वहिनी, मी करते ना मॅनेज. ते हसू मला कळत होतं, आणि आत्याबाईंना तर माझ्याआधी कळत होतं. त्या एवढंच म्हणाल्या की लेक येऊ शकत नाही तर आपण जायचं.

आणि घोडं अडलं ते इथंच. आत्याबाईंना गाडी लागते. लागते म्हणजे कशी, तर एसटी स्टँडवर उभी असली, ड्रायव्हर अजून चहा पीत असला, तरी यांचा पदर नाकाला. लिंबू झालं, आवळासुपारी झाली, दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. कोणी सांगितलं पेपरवर बसा, तेही केलं, त्या दिवशी फक्त पेपर वाया गेला. सुजाताच्या डोहाळजेवणाला त्या मोठ्या जिद्दीनं निघाल्या होत्या. गेवराईच्या पुढं काही जाता आलं नाही. स्टँडवरच्या बाकावर निपचित पडल्या आणि मिलिंदनं त्यांना परत आणलं. तिकडं सुजाताची ओटी शेजारणींनी भरली. ते फोटो मोबाइलवर आले तेव्हा आत्याबाईंनी मोबाइल बराच वेळ हातात धरला, आणि मग मला परत दिला.

आता तर दिवस भरत आले होते. मिलिंदनं ठरवलं की एसटीच नको, आईला एसीच्या गाडीतून न्यायचं. मित्राची पांढरीशुभ्र चारचाकी मागून आणली. आत बसलं की अत्तराचा वास, काचा बंद, गार हवा. मिलिंदचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. त्यानं लहानपणी ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांच्या ढिगावर बसून शेकडो कोस रस्ता बघितलेला. नोकरदार माणसं आपल्या आईला कशी नेतात तसं एकदा त्याला न्यायचं होतं. मला त्याचं वाईट वाटतं अजून. पाथरी यायच्या आतच आत्याबाईंनी त्या अत्तरासकट सगळी गाडी खराब करून टाकली.

पाथरीला आम्ही थांबलो. आत्याबाई रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसल्या, चेहरा पांढराफटक. मिलिंद गाडी पुसत होता. आमची लेक संघमित्रा, तिला आम्ही मित्रा म्हणतो, ती आजीला पेपरनं वारा घालत होती. मी म्हटलं, जरा वेळ बसू, मग निघू. आत्याबाई म्हणाल्या, "मला हितंच सोडा. तुमी जावा. तिच्याजवळ कोणीतरी पायजे." एवढं म्हणून त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. मी त्यांना रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही.

परत त्या गाडीत बसायला त्या काही केल्या तयार होईनात. तेवढ्यात झरीकडचाच एक ट्रॅक्टर मोकळी ट्रॉली घेऊन चालला होता, ड्रायव्हर ओळखीचा. आत्याबाईंनी हात केला, साडी खोचली आणि माझ्या डोळ्यांदेखत चाकावर पाय देऊन वर चढल्या. आम्ही आपले पांढऱ्या गाडीतून त्यांच्या मागं मागं. ट्रॉली अशी हादरत होती की कोणाचीही आतडी गोळा व्हावीत. आणि आत्याबाई मानवतपर्यंत सावरल्या, परभणीजवळ ड्रायव्हरशी गप्पा मारत होत्या आणि झरीत उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात अर्धा खाल्लेला पेरू होता.

मिलिंदनं ते बघितलं, मीही बघितलं. पण बोलायला कोणी तयार नाही. शेवटी मीच तोंड उघडलं, कारण आमच्या घरात ते काम माझ्याकडं आहे. म्हटलं, अहो, पिकअप दारात उभी आहे ना आपली? मिलिंद असा भडकला की विचारू नका. म्हणे, माझ्या आईनं जन्मभर ट्रॉलीत बसून काढलं, आता मी तिला सामानासारखी मागं घालून नेऊ? लोक काय म्हणतील, जावई काय म्हणतील? शब्दाला शब्द वाढत गेला. आत्याबाई तोवर चुलीपुढं बसून ऐकत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "लाज तुला वाटायलीय बाबा, मला न्हाई. मला लेकीकडं जायचंय."

मग काय. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. आणि एक सांगते, चारचाकीतून जे नेता आलं नसतं ते सगळं पिकअपमध्ये मावलं. बाळंतिणीसाठी नवी विणलेली बाज, शेकायला शेगडी, ज्वारी, तूरडाळ, डिंकाचे लाडू, अळीव, तुपाचा डबा, जुन्या मऊ साड्यांच्या दुपट्यांचं बोचकं. शिवाय एक गावरान कोंबडी, बाळंतिणीच्या रश्श्यासाठी. हौद्यात गादी अंथरली, बाज आडवी करून केबिनला टेकवली, आत्याबाई तिला पाठ लावून मागं तोंड करून बसल्या. डोक्याला टापर बांधलं, मांडीशी डालगं घेतलं. निघताना त्यांनी हात जोडून त्रिसरण म्हटलं. मिलिंद गाडी अशी चालवत होता, जशी अंड्यांची गाडी चालवावी.

त्या दिवसांतला तो रस्ता ज्यानं बघितला नाही त्याला मी काय सांगणार. ढालेगावच्या पुलावरून गोदावरी ओलांडली आणि पुढं ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. ऊसतोडीला निघालेली माणसं. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, त्यावर पाचट, बांबू, हंडे, पेट्या, शेळ्या, वर लेकरं, त्यांच्या बाजूला म्हाताऱ्या. सगळे पश्चिमेला चाललेले, आणि आम्हीही पश्चिमेलाच. आमच्याही गाडीत बाज, बोचकी आणि कोंबडी. कोण म्हणणार आम्ही वेगळे? गढीच्या फाट्यावर चहाला थांबलो तर शेजारच्या ट्रॉलीतून एका पोरसवदा बाईनं विचारलंच, "कोणत्या कारखान्याला, मावशी?"

मिलिंद चहा पिता पिता थांबला. आत्याबाई मात्र खुशीत म्हणाल्या, "कारखान्याला न्हाई माय. लेकीच्या बाळंतपणाला चाललोय, कोकणात."

त्या बाईचं पोट दिसत होतं. सहावा असेल, सातवा असेल. आत्याबाईंचं लक्ष तिथंच गेलं. किती दिवस झाले, सोबत कोण आहे, सासू आली का, असं त्यांनी भराभर विचारून घेतलं. सासू गावाकडं होती, घर सांभाळायला. आत्याबाईंनी डबा उघडला आणि डिंकाचे लाडू तिच्या ओच्यात टाकायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, सुजाताला काही उरतात की नाही. मिलिंद उठला, त्यानं आत्याबाईंच्या हातातून डबा घेतला. मला वाटलं, झाकण लावणार. त्यानं अजून दोन मुठी काढल्या आणि स्वतः वर चढून त्या बाईला दिल्या. तिथून पुढं त्याला कोणी बघतंय का, याची त्याला फिकीर राहिली नाही, आणि गाडीही जरा वेगात चालायला लागली.

आत्याबाईंना तो रस्ता पाठ होता. मागं तोंड करून बसल्यामुळं त्यांना गाव निघून गेल्यावर दिसायचं, मग त्या केबिनच्या जाळीवर हात मारून सांगायच्या. हितं आमची बैलगाडी मोडली हुती. ह्या वडाखाली मिलिंदाला गोवर उठला हुता. ह्या हिरीवरच्या मालकिणीनं आमाला ताक दिलं हुतं, लय चांगली बाई. पत्ता नसलेल्या त्या मालकिणीची त्या दिवशी त्यांनी इतकी आठवण काढली की मित्रानं विचारलं, आजी, ती आपली नातेवाईक आहे का? आत्याबाई म्हणाल्या, व्हय, तसंच समज. मी आजवर ज्यांच्या घरी गोडधोड खाल्लं त्यातल्या निम्म्यांची नावं मला सांगता येणार नाहीत, आणि ही बाई एका तांब्याभर ताकाला जन्मभर धरून बसलेली.

मुक्काम रांजणगावजवळ मिलिंदच्या मावसभावाकडं केला. सकाळी पुण्याच्या तोंडाशी पोलिसानं अडवलं. अडवणारच, मालाच्या गाडीत माणूस बसवायचा नसतो, हे मलाही कळतं, मी शाळेत शिकवते. मिलिंद कागद काढायला लागला. आत्याबाईंनी मागून विचारलं, कामून थांबवलं रे बाबा? त्या ‘कामून’नंच काम केलं. पोलीस हसला. तो वसमतकडचा निघाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, नियम मोडला म्हणून रागावलाही, शहरातून मावशीला पुढं केबिनमध्ये बसवूनच न्या म्हणाला आणि खिडकी उघडी ठेवायला सांगितली. जाताना त्यानं आत्याबाईंना जयभीम घातला, तुमच्या लेकीची सुखरूप सुटका होऊ द्या म्हणाला. पुणं ओलांडेपर्यंत आत्याबाईंनी डोळे मिटून, दातावर दात धरून दम काढला. पिरंगुटच्या पुढं एका झाडाखाली त्या उतरल्या, भडभडून ओकल्या, चूळ भरली, आणि कोणी काही म्हणायच्या आत परत मागं चढून बसल्या. मिलिंदकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग धरणाचं पाणी लागलं. मुळशीचं. रस्त्याला लागून पाणी, पाण्यात डोंगर उलटे पडलेले, आणि संपतच नाही, वळण घेतलं की परत पाणी. आमच्याकडं हंडाभर पाण्यासाठी भांडणं बघितलेली माणसं आम्ही. मित्रा ओरडायचं विसरून गेली. आत्याबाईंनी जाळीवर हात मारला आणि विचारलं की एवढं पाणी कोणाचं आहे.

घाट सुरू झाला तसं आभाळ खाली आलं. पाऊस कधीचा संपलेला, तरी कडे ठिबकत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोनकी फुललेली, इतकी पिवळी की डोळ्याला लागावी. करवंदीच्या जाळ्या, दगडावर मखमलीसारखं शेवाळ, वरून पाण्याची बारीक धार सुटलेली. झाडी अशी दाट की ऊन खाली पोचता पोचता हिरवं व्हावं. मी जन्मभर कविता शिकवल्या, डोंगरदऱ्या, झुळझुळ झरे, सगळं तोंडपाठ. पोरं विचारायची, बाई, दरी म्हणजे काय? मी फळ्यावर दोन रेघा काढायचे. त्या दिवशी दरीत बघितलं तर तळच दिसेना. त्या रेघा आठवून मला हसू आलं, पण हसता हसता तोंडाला पाणी सुटलं, आणि ते काही चांगल्यातलं नव्हतं.

आता सांगायला हरकत नाही. ताम्हिणीत गाडी लागली ती मला. जन्मात कधी लागली नव्हती. आत्याबाईंच्या लिंबाला हसणारी मी, दोन वळणांत मिलिंदला म्हटलं थांबवा, आणि दार उघडून कठड्याशी बसले ते उठायलाच येईना. सगळं जग गरगर फिरत होतं. मागून आत्याबाई उतरल्या. एका हातानं माझं कपाळ धरलं, दुसऱ्या हातानं पाठीवरून हात फिरवत राहिल्या, पार माझं पोट रिकामं होईपर्यंत. मग चूळ भरायला पाणी दिलं, स्वतःच्या पदरानं तोंड पुसलं. उलटीनं भरलेलं तोंड. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, गप बस, आणि मला धरून हौद्यात चढवलं, माझ्या डोक्याला त्यांचं टापर बांधलं. केबिनमध्ये मित्रा आणि मिलिंद, मागं आम्ही दोघी, आणि कोंबडी. तिला मात्र काही झालेलं नव्हतं.

मागं तोंड करून घाट उतरणं म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलं त्यालाच कळेल. पुढं बसणाऱ्याच्या अंगावर डोंगर धावून येतो, त्याला पुढच्या वळणाची धास्ती. आम्हाला धास्ती नव्हतीच. वळण अंगाला कळायचं तेव्हा ते पार झालेलं असायचं. कडा वर वर जात होता, आपण त्याच्या पायाशी चाललोय हे दिसत होतं, आणि आता जे डोक्यावरून गेलं ते सगळं शांतपणे समोर उभं. वारा पाठीकडून येत होता, ओला. माझं डोकं आत्याबाईंच्या खांद्यावर होतं. माझी मळमळ कधी थांबली मला कळलं नाही. मी त्यांना म्हटलं, आत्याबाई, भीती वाटत नाही का हो तुम्हाला? त्या डोंगराकडं बघत बघतच म्हणाल्या की गेलेल्याची काय भीती.

आणि मग त्यांनी ते सांगितलं. इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, मिलिंदनंही नाही. आवाज न चढवता, भाकरी थापता थापता बोलावं तसं.

"सुजाता फडावर झाली. उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीमध्ये. हे गाडी घेऊन कारखान्यावर गेलते. टोळी लांब, तोड चालू. मिलिंदा होता, चार वर्साचा, त्याला भायेर बसवलं. जवळ कोणीच नव्हतं. मीच सगळं केलं. नाळ बी मीच कापली, कोयत्यानं." त्यांनी डालगं मांडीशी ओढून घेतलं. "तवा मी ठरवलं व्हतं. जगली तर हिच्या टायमाला मी हिच्याजवळ असनार. काय बी होऊ."

मी त्यांचा हात धरला. कातडं कडक, बोटांच्या पेरांना जुन्या चिरा. खाली कोकण दिसायला लागलं होतं. भाताची लहान लहान खाचरं, पिवळी, पायऱ्यापायऱ्यांची. आत्याबाईंनी ती न्याहाळून बघितली आणि म्हणाल्या, येवढ्याशा तुकड्यात काय कुळवत असतील ही माणसं, बैल वळायला जागा न्हाई. मी हसले आणि माझे डोळे भरून आले.

परवा, म्हणजे यंदाच्या दसऱ्यानंतर, मी ओट्यावर बसून वह्या तपासत होते. आत्याबाई सुपात तूरडाळ निवडत होत्या. आता नजर कमी झाली आहे, खडे बोटांनी ओळखतात. मी म्हटलं, जायचं का परत घाटात? मिलिंद पिकअप काढतील. त्या म्हणाल्या, आता कामून, सुजातानंच यावं, तिला कुठं गाडी लागते. पण चेहरा उजळला होता. मग त्यांनी विचारलं, त्या पोलिसाचं नाव काय होतं गं? नाव तर आम्ही विचारलंच नव्हतं. त्याचं राहिलं, ट्रॉलीतल्या त्या बाईचंही राहिलं. तिला मुलगा झाला की मुलगी, कुठल्या फडावर झाली, जवळ कोण होतं, काही माहीत नाही. आत्याबाई अजून अधूनमधून विचारतात, ती सुखरूप सुटली असंल ना गं? मी म्हणते, सुटली असेल. दुसरं काय म्हणणार?

मला स्वतःला कधी वाटतं, माणसाला आयुष्यात एकदा तरी मागं तोंड करून बसायला मिळावं. आम्ही सगळे पुढं बघत धावतोय. पोरीची दहावी, घराचा स्लॅब, मिलिंदची शुगर. धास्तीच धास्ती. त्या दिवशी दोन तास मी फक्त पार झालेलं बघत होते, आणि मला कळत होतं की किती पार झालंय. ज्या बाईला मी उगीच घाबरायचे, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हे बघायला मिळालं, याबद्दल मी कोणाला हात जोडू मला कळत नाही. म्हणून त्या घाटालाच जोडते.

त्या दिवशी आम्ही सुजाताकडं पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सुजाताचं घर रस्त्यावरून दिसत होतं, कौलारू, मागं केळी. ती दारात उभी होती, पाय सुजलेले, तोंड सुजलेलं. पिकअपच्या हौद्यातून आपली आई उतरताना बघून ती आधी हसली, मग दाराची चौकट धरून ढसाढसा रडायला लागली. आत्याबाई तिच्यापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या. मिठी मारायची त्यांना सवय नाही. त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, खाली आलंय, उद्याच्या पुढं जात न्हाई.

आणि तसंच झालं. सकाळी कळा सुरू झाल्या, जावयांनी रिक्षा आणली. आत्याबाई त्या रिक्षात बसल्या, पदर नाकाला लावला नाही, लिंबू मागितलं नाही. दवाखान्यात सुजाताला आत घेतलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. मधे एक पांढरं दार. जावई येरझाऱ्या घालत होते, मिलिंद मोबाइलवर उगीच बोट फिरवत होता. बऱ्याच वेळानं आतून सुजाताचा आवाज आला, "आई गं."

कळा आल्या की बाईच्या तोंडून हेच निघतं. आई जवळ असो, लांब असो, मरून गेलेली असो. ती हाक कोणाला मारलेली नसते. सिस्टर रोज ऐकतात, कोणी मान वर करत नाही. पण आत्याबाई उठल्या. दाराच्या फटीला तोंड लावलं आणि म्हणाल्या, "ओ. हाय मी. हितंच हाय."

मग सुजाता परत म्हणाली, "आई?" या वेळी विचारल्यासारखं.

आत्याबाईंनी परत ओ दिली. बाळ रडल्याचं ऐकू येईपर्यंत त्या दारापाशी उभ्या राहिल्या, आणि एकाही हाकेला त्यांनी ओ चुकवली नाही.